अस्वलाच्या शेजारात चार दिवस

गेल्या महिन्यात हे सदर दिसलं नाही म्हणून काही वाचक भगिनींनी फोन करून विचारपूस केली. तब्येत उत्तम आहे, अल्हम्दुलिल्लाह. शाळेला उन्हाळी सुट्टी लागली आणि मी अमेरिकेत धाकट्या भावाकडे गेले होते. पाहण्यासारखं पुष्कळ पाहिलं, पण परत आल्यापासून घरी, शाळेत, शेजारी मी एकच गोष्ट सांगत सुटले आहे. ती अस्वलाची आहे, एका कुत्र्याची आहे आणि माझ्या एका चुकीचीही आहे. चूक वगळून गोष्ट सांगता आली असती, पण मग ती सांगण्यात काही अर्थ राहिला नसता.

आधी थोडं जुनं. आम्ही लहान असताना आमच्या मोहल्ल्यात वर्षातून एकदा दरवेशी यायचा. डमरूचा आवाज आला की आम्ही पोरं धावत सुटायचो. दोरीला बांधलेलं काळं, झिपरं अस्वल दोन पायांवर उभं राहायचं, सलाम करायचं, गोल फिरायचं. अम्मी त्याला भाकरी द्यायची. भाऊ तेव्हा तीन वर्षांचा होता आणि रात्री दचकून उठायचा. दरवेशानं अस्वलाचे चार केस दिले, ते ताविजात घालून अम्मीनं भावाच्या गळ्यात बांधले. पुढे मशिदीतल्या मौलानांनी समजावलं की, रक्षण करणारा अल्लाह आहे, अस्वलाचा केस नाही. तेव्हा तो तावीज निघाला. तोच भाऊ आज अटलांटाजवळ राहतो आणि त्यानं या वर्षी चार दिवसांसाठी आम्हाला नेलं ते थेट अस्वलांच्या मुलखात.

जॉर्जियाच्या उत्तरेला टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. अटलांटाहून गाडीनं चारेक तासांची वाट. डोंगरांवर सकाळी निळसर धुकं धुरासारखं तरंगतं म्हणून हे नाव. १९३४ साली स्थापन झालेलं हे उद्यान सुमारे २,१०० चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यात अंदाजे १,९०० काळी अस्वलं राहतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत सगळ्यात जास्त गर्दी इथेच होते. अलीकडे वर्षाला एक कोटीहून जास्त भेटी नोंदल्या जातात. उद्यानाच्या कडेला गॅटलिनबर्ग, सेव्हियरव्हिल अशी गावं आहेत आणि त्यांच्या आसपासच्या डोंगरउतारांवर झाडांत दडलेली लाकडी घरं आहेत. त्यांना केबिन म्हणतात. स्वयंपाकघर असलेलं अख्खं घर मिळतं. त्यामुळे आपल्यासारख्या हलाल खाणाऱ्यांची मोठी सोय होते. भावजयीनं आपली पातेली, तवा, मसाल्याचा डबा घेतला आणि अटलांटातल्या हलाल दुकानातलं मटण-चिकन बर्फाच्या पेटीत भरलं.

निघायच्या तीन दिवस आधी शेजारच्या वृद्ध बाई पायऱ्यांवरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या एकट्या राहतात. मुलगी दूरच्या राज्यात. रुग्णवाहिकेत जाताना त्यांनी भावजयीचा हात धरून एकच विनंती केली, ‘माझ्या कुत्र्याला बघाल का?’ भावजय हो म्हणून बसली. भाऊ परदेशात नवा होता, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात त्याच्या दारातला बर्फ याच बाईंच्या नवऱ्यानं उपसला होता. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण मुलांना जे शिकवतो, ते पाळायची वेळ आली की नाही म्हणता येत नाही. केबिनचे पैसे भरून झाले होते आणि ते परत मिळणार नव्हते. केबिनवाल्यांनी जादा भाडं घेऊन कुत्रा आणायला परवानगी दिली. अशा रीतीनं गाडीच्या मागच्या भागात तपकिरी रंगाचा, म्हातारा, ढेरपोट्या एक लॅब्राडोर आमच्याबरोबर निघाला.

आता आमच्या घरातली अडचण सांगते. आम्ही कोकणी, म्हणजे शाफई. आमच्याकडे कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं, आणि ओल्या कुत्र्याचा स्पर्श झाला तरी हाच हिशेब. भावजय मराठवाड्यातली, हनफी. त्यांच्यात लाळ नापाक, पण कोरड्या अंगाला हात लागला तर काही बिघडत नाही. भांडं तीनदा धुतलं तरी पाक. वाटेत दोघी यावर बोलत होतो. मी म्हटलं, ‘वाद कशाला? कुत्रा व्हरांड्यात राहील, आपण आत राहू.’ आपल्याकडे वाडीवर कुत्रा अंगणातच असतो. राखणीसाठी, शेतासाठी, शिकारीसाठी कुत्रा ठेवायला शरीअतची मुभा आहे, घरात लाडानं बाळगण्याला नाही, एवढं मला ठाऊक होतं.

केबिनमध्ये पोचलो तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर मालकानं ठळक अक्षरांत सूचनांचा कागद ठेवलेला. भावानं तो मोठ्यानं वाचला. कुत्रा रात्री बाहेर बांधू नये. कुत्र्याचं खाणं, त्याचं भांडंसुद्धा बाहेर ठेवू नये. फिरवताना पट्टा सोडू नये. उष्टं-खरकटं फक्त कडी असलेल्या लोखंडी पेटीत टाकावं. मांस भाजायची जाळी, म्हणजे ग्रिल, वापरल्यावर लगेच घासावी. गाडीत खाण्याची वस्तू ठेवू नये, रिकामं पाकीटसुद्धा नाही, आणि गाडी कायम कुलूपबंद ठेवावी. पक्ष्यांसाठी दाणे टांगू नयेत. अस्वल दिसल्यास जवळ जाऊ नये, त्याला काहीही घालू नये.

माझा व्हरांड्याचा तोडगा पहिल्याच कलमात बाद झाला. कुत्रा आत आणायचा तर नमाजचं काय? ज्या घरात कुत्रा असतो तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस लहानपणापासून कानावर आहे. माझं मन खात होतं. शेवटी भावजयीनं मार्ग काढला. मुख्य दाराला लागून कपडे धुवायच्या मशीनची लहानशी खोली होती. तिला स्वतःचं दार होतं. तिथे फरशीवर जुनी चादर टाकून कुत्र्याची सोय केली आणि नमाजची जागा वरच्या मजल्यावर. पुतणी बारा वर्षांची आहे, रविवारच्या मदरशात जाते. ती म्हणाली, ‘फुफी, अस्हाबे कहफचा कुत्राही उंबऱ्यावरच होता ना?’ मी तिच्याकडे पाहतच राहिले. दर शुक्रवारी सूरह कहफ वाचणारी मी, आणि गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेला तो कुत्रा मला आठवला नव्हता.

माझी चूक त्याच रात्री झाली. भावानं ग्रिलवर चिकनचे तुकडे भाजले, मी चपात्या केल्या. जेवणं आटोपली. भावानं जाळी गरम पाण्यानं घासली, खरकटं पेटीत टाकून कडी लावली. पण ताटात तीन चपात्या आणि भाजलेले चार-पाच तुकडे उरले होते. अन्न कचऱ्यात टाकायला माझा हात धजेना. आमच्या घरी अम्मीनं कधी उरलेला घास फेकला नाही. परसदारी दगडावर ठेवायचा, अल्लाहची मखलूक खाऊन जाते. सगळे वर गेल्यावर मी हळूच मागचं दार उघडलं आणि व्हरांड्याच्या कठड्यावर चपात्या आणि तुकडे ठेवून आले. मनात म्हटलं, खार खाईल, पाखरं खातील, सवाब मिळेल. अस्वल वगैरे जंगलात खोल असेल, दिव्यांच्या उजेडात कशाला येतंय?

पहाटे फजरला उठायला मला थोडा उशीर झाला. झुंजुमुंजू व्हायला लागलं होतं. खालच्या मजल्यावर वुजू करून मी बाहेर येते तोच मशीनच्या खोलीतून कुत्रा भुंकायला लागला. हे भुंकणं वेगळं होतं, घशातून खोल येणारं. मागच्या काचेच्या दाराकडे नजर गेली आणि पाय जागच्या जागी थांबले. व्हरांड्यात अस्वल होतं. मोठं, काळं, तेलकट चमकणारं. त्याच्या पायाशी दोन पिल्लं, आपल्याकडच्या मध्यम कुत्र्याएवढीही नसतील. एका पिल्लाच्या तोंडात माझी चपाती होती.

तेवढ्यात नऊ वर्षांचा पुतण्या डोळे चोळत खाली आला. कुत्र्याला बाहेर जायचं असेल असं त्याला वाटलं. त्यानं मशीनच्या खोलीचं दार उघडलं आणि दुसऱ्या हातानं मुख्य दाराची कडी काढायला लागला. म्हातारा कुत्रा तरण्यासारखा उसळला. मी काही विचार केला नाही. वुजूच्या ओल्या हातांनी त्याची मान आणि गळ्यातला पट्टा घट्ट धरला, गुडघ्यांवर बसले आणि ओरडले, ‘दार नको उघडू!’ कुत्र्यानं माझ्या मनगटावर, तोंडावर लाळ उडवली. पण मी सोडला नाही. तो पट्ट्याला हिसके देत होता आणि मी फरशीवरून त्याच्याबरोबर ओढली जात होते. पुतणी जिन्यावर रडत होती. भाऊ धावत आला, त्यानं प्रकार पाहिला आणि वरच्या खिडकीतून पातेल्यावर डाव बडवायला सुरुवात केली. अस्वलीनं मान वर केली, दात कटकटवले, जोरात फुत्कारली. पिल्लं सरसर एका झाडावर चढली. थोड्या वेळानं ती त्यांना घेऊन उताराखाली निघून गेली.

सगळे ठीक होते. मी हात-तोंड सात वेळा धुतलं, एकदा बाहेरच्या कुंडीतल्या मातीनं, कपडे बदलले, पुन्हा वुजू केलं. फजर कजा झाली होती. ती अदा करताना सजद्यात मला रडू आलं. भीतीचं नव्हतं ते. दार उघडलं गेलं असतं तर काय झालं असतं, ते डोळ्यांपुढे येत होतं. मोकळा सुटलेला कुत्रा अस्वलावर धावतो, अस्वल उलटतं, आणि घाबरलेला कुत्रा पळत येतो तो आपल्या माणसाकडेच. मागे अस्वल. त्या माणसाच्या जागी नऊ वर्षांचं पोर होतं. आणि ज्या बाईनं इस्पितळाच्या वाटेवर हात धरून विनंती केली होती, तिला मी काय सांगणार होते?

नाश्त्याच्या वेळी मी सगळ्यांसमोर सांगितलं की, खाणं मी ठेवलं होतं. भाऊ काही बोलला नाही. त्यानं केबिनची देखभाल करणाऱ्या माणसाला फोन केला. तो गृहस्थ आला, त्यानं व्हरांडा साबणाच्या पाण्यानं घासला, मीही घासू लागले. तो रागावला नाही. पण त्यानं जे सांगितलं ते रागावण्यापेक्षा जड होतं. ‘तुम्ही चार दिवसांनी जाल. ती मात्र उद्या येईल, परवा येईल. पुढच्या पाहुण्यांच्या दारात उभी राहील. आता पिल्लांनाही शिकवेल.’ माणसाची भीती गेलेलं अस्वल दारं ढकलतं, गाड्या उघडतं, आणि शेवटी कुणाला तरी इजा होते. मग वन्यजीव खात्याला बऱ्याचदा त्याला मारावं लागतं. तिकडे म्हणच आहे की, माणसानं खाऊ घातलेलं अस्वल म्हणजे मेलेलं अस्वल.

त्यानं एक घटना सांगितली, ती तिकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती. २०२२ च्या जूनमध्ये सेव्हियरव्हिलच्या एका भाड्याच्या केबिनबाहेर उभ्या असलेल्या मोटारीचं दार अस्वलानं उघडलं. आत खाण्याचं पाकीट आणि शीतपेयाचा डबा होता. अस्वल आत शिरलं आणि दार त्याच्यामागे बंद झालं. दिवसभर ऊन. गाडीच्या आतलं तापमान ६० अंश सेल्सियसपर्यंत गेलं असावं, असा अधिकाऱ्यांचा अंदाज होता. माणसं संध्याकाळी गाडीपाशी आली तेव्हा ते आत मरून पडलं होतं. कुणी त्याला गोळी घातली नव्हती. फक्त गाडीला कुलूप नव्हतं आणि एक पाकीट आत राहिलं होतं.

उरलेले तीन दिवस मी कागदावरचं प्रत्येक कलम आयतुल कुर्सीसारखं पाठ केलं. वाचकांपैकी अनेकांची मुलंबाळं तिकडे आहेत, म्हणून शिकलेलं थोडक्यात सांगते. काळ्या अस्वलाचं खाणं बहुतेक झाडपाल्याचं. रानफळं, कठीण कवचाची फळं, किडे. त्याला आपण नको असतो, आपला वास हवा असतो आणि त्याचं नाक फार तिखट असतं. उद्यानात अस्वलापासून निदान ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर, दूर राहायचा कायदा आहे. कुत्र्याला तिथल्या फक्त दोनच पायवाटांवर नेता येतं, गॅटलिनबर्ग ट्रेल आणि ओकोनालफ्टी रिव्हर ट्रेल, आणि तेही ६ फुटांपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यानं. म्हणून आम्ही बाकी डोंगर पाळीपाळीनं पाहिला. एक जण कुत्र्यापाशी, बाकीचे वर.

अस्वल समोर आलंच तर पळायचं नाही. ते ताशी ४८ किलोमीटरपर्यंत धावतं, आणि झाडावर आपल्यापेक्षा चांगलं चढतं. लहान मुलांना जवळ घ्यायचं, हात वर करून मोठं दिसायचं, मोठ्यानं बोलत सावकाश मागे सरकायचं. अंगावर आलंच तर पूर्ण ताकदीनं प्रतिकार करायचा. इथे मला माझीच गंमत वाटली. मेल्याचं सोंग घेऊन पडून राहणाऱ्या मित्राची गोष्ट मी वर्गात कैक वर्षं शिकवते आहे. हल्ला करणाऱ्या काळ्या अस्वलासमोर तसं पडून राहायचं नसतं. ती गोष्ट मैत्रीसाठी ठीक आहे, जंगलासाठी नाही. आपल्या मेळघाट-ताडोबातलं अस्वल तर जातीनंच निराळं, वाळवी आणि मोहाची फुलं खाणारं आणि अचानक गाठ पडली तर फार आक्रमक. तिकडे जाल तर तिथल्या वनरक्षकाचं ऐका, माझं नको.

एका अरबानं प्रेषितांना (स.) विचारलं होतं की, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू. आधी बांध, मग भरवसा ठेव, या अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. ही हदीस आपण परीक्षेच्या अभ्यासाला, दुकानाच्या कुलपाला लावतो. आता मला वाटतं, कचऱ्याच्या पेटीची कडी लावणं हेही उंट बांधणंच आहे. आणि दया? तहानेनं माती चाटणाऱ्या कुत्र्याला आपल्या पायताणात पाणी भरून पाजणाऱ्याची बख्शिश झाली, हे आपल्याला माहीत आहे. पण त्यानं त्या जिवाची गरज पाहिली होती. मी पाहिली ती माझी सवय आणि माझा सवाब. त्या अस्वलीला माझ्या चपातीची गरज नव्हती. तिला गरज होती ती मी दार लावून आत बसण्याची. महाबळेश्वरला माकडांना वेफर्सची पाकिटं देणारे आपण सगळे याच चुकीत आहोत.

परतल्यावर शेजारच्या बाईंना कुत्रा दाखवायला नेला. त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. कुत्र्यानं त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि त्यांनी भावजयीला ‘थँक यू’ म्हणायचा प्रयत्न केला, पण त्यांना बोलता येईना. अमानत पोचली. व्हरांड्यातला प्रकार मी त्यांनाही सांगितला. लपवणं बरं वाटेना.

त्या रात्री अम्मीला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन तिनं आधी विचारलं, ‘पिल्लं झाडावरून उतरली ना नीट?’ उतरली, म्हटलं. मग मी तिला दरवेशाची आठवण दिली. ते अस्वल नाचायचं ते शिकलेलं म्हणून नव्हे. पिल्लू असतानाच त्याचं नाक तापलेल्या सळीनं टोचून दोर ओवायचे, दात पाडायचे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही हा खेळ कित्येक वर्षं चालला. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेनं कलंदर कुटुंबांना दुसरे धंदे उभे करून दिले, त्यांची अस्वलं आग्र्यासारख्या ठिकाणी सांभाळली आणि २००९ च्या अखेरीस नाचणारं शेवटचं अस्वल सुटलं. ते कलंदर आपलेच दीनी भाऊ, पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलेले. त्यांना दोष देऊन काय उपयोग? टाळ्या वाजवणारे आपण होतो.

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मी त्याला दर वर्षी भाकरी द्यायचे गं. मला वाटायचं केवढं पुण्य. त्याच्या नाकातली वेसण मात्र मला कधी दिसली नाही.’

‘मलाही नाही दिसली, अम्मी,’ मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.